पूर्वी गावात वादच नव्हते म्हणतात, खरं आहे का हे?

येरळाकाठचा:
नमस्कार मंडळी. गाव आमचं सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुका, येरळेच्या काठाला. मी नोकरीला चाकणला असतो, सुट्टीला गावी जातो तेवढंच. झालंय असं की आमच्या आणि चुलत्यांच्या मधल्या बांधावरनं बरीच वर्षं धुसफूस चाललेली, शेवटी पैसे भरून हद्द कायमची मोजणी आणली. मोजणीवाले आले, ते काठीवर बसवलेलं रोव्हर का काय यंत्र घेऊन चार ठिकाणी उभे राहिले, चुन्यानं खुणा मारल्या आणि हद्द निघाली कुठं तर सात-आठ फूट पलीकडं चुलत्यांच्या रानात, म्हणजे त्यांची विहिरीकडं जायची वाट आमच्यात आली. आता चुलते म्हणतात यंत्र खोटं, वडील म्हणतात यंत्रासारखं खरं काय नाही, आणि आई म्हणतीय दिवाळीला त्यांच्याकडं फराळ द्यायचा का नाही ते आधी सांगा.

पण माझा प्रश्न तो नाही. त्या रात्री भावकीच्या ग्रुपवर थोरल्या आण्णांनी भलामोठा मेसेज टाकला, की पूर्वी गाव गुण्यागोविंदानं नांदायचं, कोण बांध कोरत नव्हतं, सावकारसुद्धा अडीनडीला उभा राहायचा, पाणी सगळ्यांचं होतं, हे सगळे वाद पैशानं आणि राजकारणानं आणले. धडाधड अंगठे पडले त्याला. मला काय ते पटेना, पण उत्तर द्यायला माहिती पण नाही. तर जाणकारांनी सांगा, बांध, सावकारी, पाणी हे आत्ता जे पेटलेलं असतंय ते नक्की कधीपासनंचं आहे? भूमी अभिलेखमधलं कोणी असेल, जुने कागद वाचलेलं असेल तर लय बरं. पक्षांची नावं काढू नका, मागच्या धाग्याला कुलूप लागलं त्यामुळं.

विट्याचा_विक्या:
कोण बांध कोरत नव्हतं 😂 भावा, आमच्या आज्याच्या बांधावरची बाभळ त्याच्या चुलतभावानं तोडली म्हणून आज्यानं दावा टाकला. आज्या गेला, चुलतभाऊ गेला, दोघांचे वकील गेले, दावा अजून तारखेवर आहे. बाभळीच्या जागी आता द्राक्षबाग हाय. आण्णांना माझा नमस्कार सांग.

निवृत्त_भूमापक:
मी सातारा आणि सांगली दोन्हीकडं मोजणी खात्यात होतो, तेव्हा जरा लांबण लागेल, वाचायचं असेल त्यांनी वाचा.

आण्णांचं म्हणणं मूळातच चुकीचं आहे. पेशवाईच्या काळातसुद्धा शिवेवरनं आणि वतनावरनं दोन-दोन पिढ्या भांडणं चालायची, गोतसभा म्हणजे गावभावकीची पंचायत बसायची, महजर म्हणजे निवाड्याचे कागद व्हायचे, साक्षी व्हायच्या. फक्त तेव्हा भांडण असायचं गावाच्या शिवेचं, नाहीतर मिरासदार, म्हणजे पिढीजात हक्काच्या, घराण्याच्या रानाचं. रान घराण्याच्या नावानं ओळखलं जायचं, शेतसारा पाटील-कुलकर्णी गावावर फाळून घ्यायचे. आत्ता आपण जे दोन भावांच्या मधल्या फुटा-फुटाचं भांडण बघतो, ते त्या रूपात यायला आधी प्रत्येक तुकड्याला नंबर पडायला लागतो, आणि तो नंबर इंग्रजांनी पाडला.

आधी प्रिंगल नावाच्या साहेबानं पुण्याकडं प्रयोग केला, प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा. कागदावर झकास. प्रत्यक्षात सारा एवढा बसला की कुणबी रानं टाकून निघून गेले. मग 1835 पासनं इंदापूरला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्यानं सुरुवात केली आणि तीच पद्धत सगळ्या दख्खनभर गेली. साताऱ्याचं राज्य 1848 ला खालसा झालं, त्यानंतर ती आपल्याकडं पण आली. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच, आत्ताचा बराचसा भाग साताऱ्यात आणि उरलेला पटवर्धनांच्या, जतच्या, औंधच्या संस्थानात. 1949 ला दक्षिण सातारा झाला आणि 1960 ला त्याचं सांगली झालं.

मोजायचे कसे तर 33 फुटी साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी बाय एक साखळी म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर, ते आजतागायत चाललंय. रानाच्या मधनं एक आडवी रेघ मारायची, तिच्यापासनं डावीउजवीकडं कोपऱ्यापर्यंत किती साखळ्या किती आणे ते टिपणात लिहायचं. मी असली टिपणं हातात घेतलीत. मोडी अक्षर, कागद घडीवर फाटलेला, नेमका घडीवरचाच आकडा गेलेला. मग मातीचा रंग आणि खोली बघून प्रतवारी, सोळा आण्यापासनं खाली दोन आण्यापर्यंत. त्यावर आकार, म्हणजे त्या रानाचा सारा, बसवायचा आणि 30 वर्षं तो हलवायचा नाही.

आता गोम इथं आहे. एक सर्व्हे नंबर म्हणजे साधारण एका बैलजोडीनं होईल एवढं रान, असा हिशोब होता. ज्याचं रान त्यापेक्षा लहान, त्याला शेजाऱ्याबरोबर एका नंबरात कोंबला. आत कोणाचं किती हे वहिवाटीवर सोडलं, कारण सरकारला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त सारा कोण भरणार हे नाव पाहिजे होतं. हक्काची नोंद ठेवायचा कायदा आला 1903 ला, म्हणजे मोजणी होऊन पन्नासएक वर्षांनी, तोवर दोन-दोन वाटण्या तोंडी होऊन गेलेल्या. पुढं पोटहिस्से मोजले, ते पण सगळीकडं सारख्या नेटानं मोजले असं नाही.

त्याच्यावर कडी म्हणजे 1947 चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा. हेतू चांगला होता, विखुरलेले तुकडे एका जागी आणायचे. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. पण कित्येक गावात गट झाले ते कागदावर, रानात लोकं आपापल्या जुन्याच ताब्यात राहिली. कोण म्हणणार, माझी विहिरीची पट्टी सोडून माळावर जातो? कोण नाही. तीन पिढ्या जुन्या ताब्यावर नांगर चालतोय आणि नकाशात दुसरंच आहे.

तुमच्या चुलत्यांना सांगा यंत्र खोटं नाही. आणि वडिलांना सांगा यंत्र खरं असलं म्हणून हद्द खरी असं होत नाही. यंत्र सेंटीमीटरपर्यंत बोलतं, पण ते जुळवायचं असतं जुन्या साखळीच्या नकाशाला, आणि नकाशा कुठल्या वेळचा लावला त्यावर सगळं आहे.

येरळाकाठचा:
बापरे. काका, म्हणजे सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे आपण मालक असं पण नाही का मग?

निवृत्त_भूमापक:
सातबारा हा महसुली कागद आहे. जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 157 बघा, नोंद खरी धरायची पण उलट सिद्ध होईपर्यंत. मालकीचा वाद पडला तर निकाल दिवाणी कोर्टात लागतो, तलाठ्याकडं नाही. लोकं मात्र फेरफार झाला, नाव चढलं, की पेढे वाटतात.

शिराळ्याचे_मास्तर:
भूमापक काकांनी जिथं सोडलं तिथनं पुढं सावकारीचं सांगतो, कारण ती त्याच मोजणीच्या पोटातनं निघालेली आहे.

सावकार आधी पण होता. पण मिरास रान असं सहजासहजी गहाण-विक्रीला जात नव्हतं, घराण्याचा आणि गावाचा त्यात दाब असायचा. नंबर पडला, खातेदार ठरला, त्याला विकायची मुभा मिळाली, आणि वरनं दिवाणी कोर्टं आली जी कर्जखतावरचा अंगठा बघून डिक्री, म्हणजे वसुलीचा हुकूम, देणार. म्हणजे सावकाराला तारण मिळालं आणि वसुलीला सरकार मिळालं. त्यात 1861 ते 65 अमेरिकेत यादवी युद्ध, तिकडचा कापूस बंद, इथल्या कापसाला सोन्याचा भाव, सावकार मोकळ्या हातानं पैसे सोडायला लागला. युद्ध संपलं, भाव कोसळला. त्याच सुमाराला 30 वर्षांची मुदत संपून पुण्याकडच्या तालुक्यात नवा सारा बसला, तो पण भरमसाट वाढवून. सावकारानं हात आखडला. 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात ठिणगी पडली आणि पुणे-नगर जिल्ह्यात गावोगाव सावकारांच्या घरावर लोक चालून गेले. मारहाण त्यामानानं कमी झाली, मागणी एकच, खतं बाहेर काढ. खतं हातात आली की चौकात जाळायची.

आपल्या भागात बहुतेक शांत होतं पण त्याच वर्षी सप्टेंबरात आमच्या कोकरूडला, तेव्हा सातारा जिल्हा, शंभरएक लोकांनी सावकाराचं घर लुटलं. गावात आज कोणाला विचारलं तर माहीत नसतं.

मग 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना. कोर्टाला खताच्या मागं जाऊन मूळ मुद्दल किती, व्याज किती हे तपासायचा अधिकार दिला. चांगलाच होता. पण सावकार काय कच्चा होता का. त्यानं गहाणखत घेणं सोडलं आणि सरळ खरेदीखत लिहून घ्यायला लागला, तोंडी बोली अशी की पैसे फेडलेस की रान परत. आता सांगा, आज आपल्या जिल्ह्यात बेकायदा सावकारीच्या ज्या तक्रारी असतात त्या कशा असतात? हुबेहूब हेच. द्राक्षबाग वादळानं गेली, औषधाच्या दुकानाची उधारी, सोसायटी थकलेली, मग कोणीतरी दहा टक्के महिना देणारा, आणि तारण म्हणून खरेदीखत. 2014 च्या सावकारी कायद्यात अशी जमीन परत द्यायचा अधिकार जिल्हा उपनिबंधकाला दिलाय, पण आधी हे सिद्ध करायचं की व्यवहार खरेदीचा नव्हता, व्याजाचा होता. अंगठा मारणाऱ्याकडं कागद कुठला असतोय?

अडीनडीला उभा राहायचा म्हणणाऱ्या आण्णांना एवढंच विचारा, पत्री सरकारच्या वेळी 1943 नंतर याच वाळवा-तासगावात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांना सावकारांचा बंदोबस्त का करावा लागला?

मार्केटयार्ड_सांगली:
मास्तर तुमचा अभ्यास मोठा आहे पण एकांगी वाटलं. 1904 ला सहकारी सोसायट्यांचा कायदा झाला, सव्वाशे वर्षं होत आली, तरी मयतीला, पोरीच्या लग्नाला, दवाखान्याला रात्री दहा वाजता पैसे कोण देतं? सोसायटी पीककर्ज देते, ते पण सातबारा कोरा असेल तर. आमच्या अडत दुकानात हळदीचं पोतं यायच्या आधी चार महिने शेतकरी उचल घेऊन गेलेला असतो, कागद नाही काय नाही. सगळेच दरोडेखोर नसतात. हां, दहा टक्के महिना घेणाऱ्याची बाजू मी घेत नाही, त्याला फटकेच पाहिजेत.

शिराळ्याचे_मास्तर:
उचल दिली की हळद तुमच्याच दुकानात घालायची, भाव तुम्ही म्हणाल तो, हे पण सांगा की राव. 1939 ला बाजार समित्यांचा कायदा झाला तो कशासाठी, हातरुमालाखाली बोटं दाबून भाव ठरत होते म्हणूनच ना.

मार्केटयार्ड_सांगली:
आता उघड सौदे होतात, या एकदा बघायला, चहा पाजतो.

तासगावची_लेक:
सगळे काका-मामा बोलले, आता मी बोलते. गुण्यागोविंदानं नांदणारं गाव कोणाचं होतं हो? आमचं घर वतनातलं, म्हणजे महार वतन. गावाच्या शिवेचा वाद पडला की पणज्याला शीव चालून दाखवायला लागायची, त्याच्या साक्षीवर गावाची हद्द ठरायची. म्हणजे शीव कुठं आहे हे त्याला ठाऊक, पण त्याच शिवेच्या आत त्याला विहिरीवर पाणी नाही. रात्री-अपरात्री सांगावा घेऊन पळायचं, सारा चावडीवरनं तालुक्याला पोचवायचा, आणि या सगळ्याच्या बदल्यात थोडंसं रान आणि बलुतं. बाबासाहेबांनी 1928 ला मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या दुरुस्तीचं बिल आणलं ते हेच बघून.

1958 ला कनिष्ठ गाववतनं रद्द करायचा कायदा झाला, रानं परत दिली पण शर्तीवर, परवानगीशिवाय विकता येत नाहीत, आज उताऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 लागलेलं असतंय ते. म्हणजे आमच्या लोकांना बँक लवकर दारात उभं करत नाही, आणि गावाला लागून, रस्त्याला लागून असलेली ही रानं कधीतरी आज्यानं पाचपन्नास रुपयात स्टँपवर लिहून दिलेली असतात, त्यावर आज कोणाचं तरी हॉटेल उभं असतं. मग आम्ही अर्ज केला की ‘जातीचं राजकारण आणलं गावात’. आणलं कोणी?

आणि दुसरं. बहिणीचं हक्कसोडपत्र. 1956 चा वारसा कायदा, 1994 ला महाराष्ट्रानं केलेली दुरुस्ती, 2005 ची केंद्राची, 2020 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल की बाप 2005 ला हयात असो-नसो मुलीचा हक्क जन्मापासनं. एवढं सगळं होऊन रक्षाबंधनाला बोलवायचं, साडी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला सही करायला न्यायचं. नाही म्हटली की माहेर तुटलं. तुमच्या आण्णांच्या सातबाऱ्यावर आत्यांची नावं आहेत का, विचारून बघा.

येरळाकाठचा:
ताई, विचारलं. ग्रुपवर टाकलं तसंच्या तसं. आण्णा ऑनलाइन होते, काय बोलले नाहीत. आत्यानं मात्र लगेच फोन केला मला 😅

माणदेशी_आटपाडीकर:
पाण्याचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. पाणी सगळ्यांचं होतं म्हणणारा माणूस नक्की कृष्णाकाठचा असणार, आमच्याकडचा असतो तर असलं वाक्य तोंडातनं निघालंच नसतं.

कऱ्हाडजवळ खोडशीला बंधारा घालून कृष्णा कालवा काढला तो 1860 च्या दशकातला. पाणी गेलं कुठं, नदीच्या खालच्या अंगाला, जिथं आधीच काळी जमीन आणि विहिरीला पाणी. आमच्या बाजूला 1876-78 चा दुष्काळ पडला तेव्हा राजेवाडीचा तलाव धरला, दुष्काळी कामावर लोकांनी खडी फोडून बांधला. म्हणजे तिकडं पिकासाठी कालवा आणि इकडं माणसं जगवायला तलाव, फरक तिथनंच पडला. आणि तलावाचं पण कसं, तलाव एका तालुक्यात आणि भिजणार दुसऱ्यातलं. ब्रिटिशांचं धोरण होतं पाणी पातळ करून लांबवर द्यायचं, दुष्काळात पीक तगावं म्हणून. पण बागायतदाराला पाहिजे ऊस. नीरेच्या कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत काढली, उसाला रानाचा ठरावीक भागच भिजवायचा, बाकीच्यात भुसार. पुढं कारखाने आले, वसंतदादांच्या पिढीनं उभे केले, नदीकाठ सुधारला हे नाकारायचं काय कारण नाही. पण ऊस आला की पाणी त्याच्याच मागनं जाणार.

मग कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटणाऱ्या बच्छावत लवादानं 1973 ला महाराष्ट्राला 560 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, दिलं, आणि 2000 नंतर फेरविचार होऊ शकतो अशी तरतूद ठेवली. आमच्याकडं 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं अजून जिवंत आहेत, त्यांना टीएमसी काय कळणार, पण पाणी वर उचलून आणता येतं हे कळलं. आटपाडीला 1993 पासनं नागनाथअण्णा नायकवडींनी पाणी परिषदा घ्यायला सुरुवात केली, तेरा दुष्काळी तालुके एकत्र. त्याच्या आधी येरळेवर, म्हणजे धागाकर्त्याच्याच नदीवर, बळीराजा धरण लोकांनी बांधलं आणि ठरवलं काय तर पाणी सगळ्यांना सारखं, भूमिहीनाला पण. ठेकेदारांचा वाळूउपसा थांबवून, त्या वाळूतनं पैसा उभा करून! आज त्याच नदीत रात्री जेसीबी लावून वाळू काढतात आणि तहसीलदाराच्या गाडीवर टेहळणी ठेवतात.

2000 ची मुदत डोक्यावर, तोवर वाट्याचं पाणी अडवायचं म्हणून सरकारनं 1996 ला कृष्णा खोरे महामंडळ काढलं, रोखे काढले, आणि ताकारी, म्हैसाळ, टेंभू या पाणी वर उचलायच्या सगळ्याच योजनांची कामं एकदम रेटली. एकदम रेटल्यामुळं पैसा कुठंच पुरला नाही. पोरगं बारावीला असताना नारळ फुटलेला पाट पोराच्या पोराला भिजायला मिळाला. आता पाणी आलंय, डाळिंबं आहेत, ऊस पण यायला लागलाय आमच्याकडं, आणि भांडण नवीन, वीजबिल कोण भरणार. 81 टक्के सरकार, 19 टक्के शेतकरी असं ठरलंय, ते 19 पण वरच्या टप्प्यावरच्याला जड आणि खालचा म्हणतो मला पाटात पाणी दिसतच नाही. जतच्या पूर्वेकडची गावं अजून वाट बघतायत, 2022 ला कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्या गावांवर हक्क सांगितला तेव्हा सगळा महाराष्ट्र खवळला, पण गावातली माणसं काय म्हणत होती तर जो पाणी देईल त्याचे आम्ही.

एक अजून. पैसेवारी. 2017 पर्यंत ती 50 पैशाच्या आत आली तरच दुष्काळ. ही पैसेवारी म्हणजे जुनी आणेवारी, सोळा आणे पीक धरून साऱ्याला सूट द्यायची का नाही हे बघायला काढलेली. सारा नावालाच उरला, पण माणसाला दुष्काळ लागलाय का नाही हे ठरवायला तोच हिशोब होता. दरवर्षी आमच्या चावडीत त्यावरनं खडाजंगी व्हायची.

विट्याचा_विक्या:
आटपाडीकर एक नंबर. नदीकाठचे मात्र म्हणणार 2005, 2019, 2021 ला आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा कुठं होता तुम्ही 😀

माणदेशी_आटपाडीकर:
तेव्हा चारा घेऊन आम्हीच आलो होतो, विचार कोणालाही.

येरळाकाठचा:
सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. काका शेवटचं, आमच्या गटाचं नक्की काय झालंय हे कळायला कुठले कागद काढू? वडील म्हणतायत डायरेक्ट पोलिस बंदोबस्त घेऊन बांध फोडू.

निवृत्त_भूमापक:
बांध अजिबात फोडू नका. विट्याला भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात नकलेचा अर्ज द्या. एकत्रीकरण योजनेचं पत्रक 9(3), 9(4) आणि त्यावेळचे जबाब मागा, म्हणजे कुठल्या सर्व्हे नंबरातनं तुमचा गट झाला आणि आजोबांनी त्यावर सही केली का ते कळेल. मूळ सर्व्हे नंबरचं टिपण, फाळणी नकाशा आणि गुणाकार बुक मागा. आकारबंद, म्हणजे मोजणीचं क्षेत्र आणि आकार लिहिलेलं पत्रक, घ्या, सातबाऱ्याचं क्षेत्र आणि आकारबंदाचं क्षेत्र जुळतं का आधी तेच बघा, बऱ्याचदा घोळ तिथंच निघतो. तलाठ्याकडनं जुने फेरफार, विशेषतः आजोबांच्या वाटणीचा. ‘कागद जीर्ण आहे, मिळत नाही’ म्हणाले तर तसं लेखी घ्या, तोंडी ऐकून परत येऊ नका.

आणि हे सगळं हातात आल्यावर चुलत्यांनाही बरोबर घेऊन बसा, कारण योजनेच्या वेळी दोन्ही आजोबांचे ताबे जसे होते तसेच राहिले असतील तर मोजणीवर हरकत घेऊन निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडनं फेरमोजणी, त्यांनीच मागितली पाहिजे, तुम्ही नाही. विहिरीची वाट वहिवाटीची असेल तर ती मोजणीनं बंद होत नाही, तो विषय तहसीलदाराकडं मामलेदार कोर्ट कायद्यात जातो. हा कायदा पण 1906 चा आहे.

तासगावची_लेक:
आणि अर्जात वारस म्हणून आत्यांची नावं लिहायला विसरू नका.